नाव, आडनाव आणि दारिद्र्य : डॉ. सुखदेव थोरात यांच्या संशोधनकार्याची ओळख

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. सोसायटीच्या कार्यालयात आम्ही काही मंडळी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासत बसलो होतो. गावातलाच एक मुलगा, नुकताच बी.कॉम. झालेला, नोकरीचे दोन अर्ज घेऊन आला. खासगी कंपन्यांच्या जागा होत्या. त्याने अर्ज भरायला घेतला आणि पहिल्याच रकान्यावर पेन थांबवून विचारले, "काकाजी, आडनाव टाकू का नुसतं माझं अन् बाबाचं नाव टाकू?"

आम्ही हसून म्हणालो, "अरे, त्यात विचारायचे काय? पूर्ण नाव लिही." त्यावर तो म्हणाला, "माझ्यासोबतच्या पोरानं आडनाव टाकलं नाही, त्याले बोलावणं आलं. मार्क तर माझे जास्त होते." आमच्याजवळ उत्तर नव्हते. बँकेच्या काउंटरवर आम्ही वीसेक वर्षे लोकांचे अर्ज हाताळत आलो. नावाचा रकाना भरला आहे की नाही एवढेच पाहत आलो. त्या रकान्यात माणसाचे नशीबही लिहिलेले असते काय, हा प्रश्न आम्ही कधी कागदावर मांडून पाहिला नव्हता.

हा प्रश्न ज्यांनी कागदावर मांडला, आकड्यांनी तपासला आणि त्याचे उत्तर देशापुढे ठेवले ते अर्थशास्त्रज्ञ आपल्या विदर्भाचेच आहेत. डॉ. सुखदेव थोरात हे त्यांचे नाव. सोसायटीच्या सभासदांना हे नाव ऐकून माहीत असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, पद्मश्री, एवढी ओळख वर्तमानपत्रांतून झाली आहे. परंतु त्यांनी नेमके संशोधन काय केले, ते कसे केले आणि त्याचा वडनेरसारख्या गावातल्या माणसाशी संबंध काय, हे सोप्या भाषेत मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

अमरावती ते दिल्ली

डॉ. थोरात यांचा जन्म १९४९ साली अमरावती जिल्ह्यातील महिमापूर या खेड्यात झाला. पदवीचे शिक्षण औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयात झाले. परमपूज्य बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली मराठवाड्यात हे महाविद्यालय सुरू केले. खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या किती पिढ्या तिथे घडल्या याची मोजदाद नाही. पुढे मराठवाडा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. करून ते १९७३ पासून काही वर्षे औरंगाबादलाच अधिव्याख्याता होते. त्यानंतर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, तिथे पीएच.डी. आणि १९८० पासून अध्यापन. पोलंडच्या वॉर्सा शहरात त्यांनी आर्थिक नियोजनाची पदविका घेतली आणि १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात अभ्यागत अध्यापक म्हणून काम केले.

त्यांच्या अभ्यासाची सुरुवात शेती, सिंचन आणि ग्रामीण दारिद्र्य या विषयांपासून झाली. ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. जातीवर बोलायचे म्हणून ते अर्थशास्त्रात आले असे झालेले नाही. दारिद्र्य मोजता मोजता ते जातीपाशी पोहोचले.

गरीब किती, हा पहिला प्रश्न

दारिद्र्याच्या शास्त्रीय अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न घेण्यासाठी खर्च किती लागतो, हा त्यांचा आधार. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरडोई दरमहा सुमारे १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे, ही त्यांची रेषा. त्या हिशेबाने ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते. आज आपण 'दारिद्र्यरेषा' हा शब्द सहज वापरतो. तो सर्वांच्या तोंडी रुळण्यात या अभ्यासाचा हात आहे.

गरीब किती आहेत हे कळले की सरकार योजना आखते. कुणाला काम, कुणाला धान्य, कुणाला कर्ज. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा बँकेच्या जुन्या कपाटात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची लेजरे होती. हा कार्यक्रम १९८० साली देशभर लागू झाला आणि १९९९ साली स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला. कर्ज म्हशीसाठी, शेळ्यांसाठी, बैलजोडीसाठी, शिलाई मशीनसाठी. पानामागून पान उलटले की थकबाकीच दिसे. साहेब लोक म्हणत, "यांना कर्ज फेडायची सवयच नाही." आम्हीही मान डोलावत असू. म्हैस घेऊन दिली, अनुदान दिले, आणखी काय करायचे?

म्हैस आहे, दूध कोण घेणार?

डॉ. थोरात यांचे काम आम्हांस इथे उपयोगी पडले. २००१-०२ मध्ये ११ राज्यांतील ५६५ गावांत अस्पृश्यतेची पाहणी झाली. तिच्यावर आधारित 'ग्रामीण भारतातील अस्पृश्यता' हा इंग्रजी ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांच्यासह डॉ. थोरात त्याचे एक लेखक आहेत. सुमारे ४८ टक्के गावांत दलितांना पाणवठ्यावर मज्जाव, सुमारे ३८ टक्के सरकारी शाळांत जेवताना मुलांची वेगळी पंगत, एकतृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्यास नाखूश, अशी नोंद त्यात आहे.

हे वाचून राग येतो, पण नवल वाटत नाही. आम्हांस नवल वाटले ते दुसऱ्याच दोन आकड्यांचे. सुमारे ३५ टक्के गावांत स्थानिक बाजारात दलितांना माल विकण्यास अडथळा होता, आणि सुमारे ४७ टक्के गावांत दूध सहकारी संस्थेला दूध घालण्यास.

आता ते जुने लेजर पुन्हा उघडा. म्हशीचे कर्ज मिळाले, म्हैस दूधही देऊ लागली. पण ते दूध गावात कुणी घेत नसेल, संस्थेच्या दारात घमेले खाली ठेवू देत नसतील, तर हप्ता भरायचा कशातून? लेजरमध्ये आम्ही 'थकबाकीदार' एवढेच लिहीत होतो. थकण्याचे कारण लिहिण्यास रकाना नव्हता. प्रत्येक थकबाकीचे कारण हेच होते असा आमचा दावा नाही. म्हशी मेल्याही, पैसे लग्नात खर्चही झाले. परंतु हेही एक कारण असू शकते, हा विचार आमच्या डोक्यात कधी आला नाही, हे मात्र प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

डॉ. थोरात यांच्या संशोधनाचे मर्म यातच आहे. दोन माणसे सारखीच गरीब असू शकतात, पण त्यांच्या गरिबीची कारणे सारखी असतील असे नाही. एकाजवळ साधन नाही. दुसऱ्याजवळ साधन आले तरी बाजाराचे दार अर्धवट बंद आहे. जमीन भाड्याने मिळणे, मजुरी मिळणे, माल विकला जाणे, घर मिळणे, कर्ज मिळणे हे सारे बाजारातले व्यवहार. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बाजाराला जात नसते. गावातल्या बाजाराला असते. जातिव्यवस्था ही एक आर्थिक व्यवस्थासुद्धा आहे, ती कुणी कोणता धंदा करावा आणि कुणाला कोणत्या मालमत्तेचा हक्क असावा हे जन्मावरून ठरवते, ही बाबासाहेबांची मांडणी. डॉ. थोरात यांनी ती आजच्या अर्थशास्त्राच्या पद्धतीने तपासली. अमर्त्य सेन यांनी वंचिततेचे दोन प्रकार सांगितले आहेत, माणसाला बाहेर ठेवणे आणि आत घेऊनही अन्यायकारक अटींवर घेणे. या भेदाचाही त्यांनी उपयोग केला.

२००३ साली दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज ही संशोधनसंस्था उभी राहिली. डॉ. थोरात तिचे पहिले संचालक. या संस्थेने पाच राज्यांतील ५३१ गावांत शालेय मध्यान्ह भोजन आणि रेशन दुकाने यांची पाहणी केली. डॉ. थोरात आणि जोएल ली यांनी तिचे निष्कर्ष २००५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मांडले. शाळेतील शिजवलेले अन्न बहुतेक ठिकाणी पोहोचत होते. पण अन्न शिजते कोणत्या वस्तीत, दलित बाईच्या हातचे चालते की नाही, पंगत एक की दोन, इथे भेद आढळला. योजना चांगली असली तरी ती कुणाच्या हातून आणि कुणाच्या ओसरीवरून जाते याला महत्त्व आहे, हा त्यातील धडा.

४८०८ अर्ज

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. नोकरी नाकारली गेली तर कुणी सांगत नाही की जातीमुळे नाकारली. 'जागा भरली' असे उत्तर येते, किंवा उत्तरच येत नाही. मग सिद्ध कसे करायचे?

डॉ. थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अट्टेवेल यांनी यासाठी एक साधी, पण चोख युक्ती वापरली. मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती निवडायच्या. प्रत्येक जाहिरातीला किमान तीन अर्ज पाठवायचे. शिक्षण सारखे, दर्जा सारखा, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे, दुसरे दलित वाटेल असे, तिसरे मुस्लीम. मग कुणाला बोलावणे येते ते मोजत राहायचे. ६६ आठवडे हे काम चालले. ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज गेले. निष्कर्ष ऑक्टोबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची शक्यता १०० मानली, तर तेवढीच पात्रता असलेल्या दलित नावाच्या अर्जाची सुमारे ६७ आणि मुस्लीम नावाच्या अर्जाची सुमारे ३३ निघाली. अर्जातला मजकूर एकच होता, नाव तेवढे वेगळे.

ही रीत जगात इतरत्रही वापरली गेली आहे. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागो या शहरांत दोन अर्थतज्ज्ञांनी अशाच अर्जांचा प्रयोग केला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. गोऱ्या लोकांत आढळणाऱ्या नावांना काळ्या लोकांत आढळणाऱ्या नावांपेक्षा सुमारे दीडपट बोलावणी आली. तिकडे वर्ण, इकडे जात.

अभ्यासाच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. मोजले ते फक्त पहिले पाऊल, म्हणजे बोलावणे. मुलाखतीत पुढे काय होते ते यात नाही. जाहिराती इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या, म्हणजे शहरी, शिकलेल्या वर्गाच्या. तरीही एक गोष्ट ठरून गेली. 'आता शहरात, कंपन्यांत जात कोण पाहतो?' हे वाक्य केवळ बोलण्याचे राहिले नाही. ते तपासता येते, आणि तपासले तेव्हा ते टिकले नाही.

महाराष्ट्रात यात एक गुंता आहे. थोरात, जाधव, पवार, वानखेडे ही आडनावे अनेक जातींत सापडतात. म्हणून आडनावावरून कळले नाही की आपल्याकडे पुढचे प्रश्न येतात. गाव कोणते? गावात घर कोणत्या बाजूला? कोणत्या कोट्यातून शिकला? हे प्रश्न कुणी विचारले नाहीत असा आपल्यातला शिकलेला माणूस विरळा.

खोली भाड्याने देणे आहे

हीच पद्धत पुढे घरांसाठी वापरली गेली. डॉ. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्या १४७९ जणांचे अनुभव तपासले. उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लीम, प्रत्येकी ४९३. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाला कुठेही नकार मिळाला नाही. दलितांपैकी सुमारे १८ टक्क्यांना आणि मुस्लिमांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना सरळ नकार मिळाला. ज्यांना होकार आला त्यांतही काहींना जादा भाडे किंवा जादा अटी होत्या.

आपल्या गावची मुले नागपूर-पुण्याला शिकायला जातात. खोलीचा फोन लावला की आधी भाडे ठरते, मग पूर्ण नाव विचारले जाते, मग 'संध्याकाळी कळवतो' असे होते. मुले घरी आली की हे हसत सांगतात. त्यांच्या हसण्यामागे काय आहे ते आईबापांना समजते. त्या हसण्याला एक आकडा मिळाला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. एकट्याचा अनुभव लोक 'तुझा गैरसमज' म्हणून सोडून देतात. चौदाशे जणांचा अनुभव तसा सोडता येत नाही.

संशोधनातून धोरणाकडे

फेब्रुवारी २००६ ते फेब्रुवारी २०११ या काळात डॉ. थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. अकराव्या पंचवार्षिक योजनेचा (२००७-१२) हा काळ. उच्च शिक्षणात मागे असलेल्या ३७४ जिल्ह्यांत आदर्श पदवी महाविद्यालये काढण्याची योजना, विद्यापीठांतील सामाजिक वंचितता अभ्यास केंद्रे, समान संधी कक्ष या गोष्टींना तेव्हा चालना मिळाली. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी २००५-०६ पासून सुरू झालेली राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिपही त्या काळात आयोगामार्फत दिली जात असे. तिच्या आधाराने पीएच.डी. झालेली मुले आज गावोगावी भेटतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचेही ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल २००७ साली आला. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ पासून काही वर्षे ते भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे अध्यक्ष राहिले. २०२३ साली कर्नाटक सरकारने राज्य शिक्षण धोरण आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले.

धोरणाविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. एकच औषध पुरत नाही. साधन नसलेल्यास जमीन, शिक्षण, भांडवल हवे. हा झाला सक्षमीकरणाचा भाग. भेदभाव होतो तिथे कायद्याचे संरक्षण हवे. आणि कायदा असूनही दार उघडत नाही तिथे समान संधीचे धोरण, म्हणजे आरक्षण, हवे; आणि ते खासगी क्षेत्रातही लागू व्हावे. 'आरक्षण आर्थिक निकषावर द्या' म्हणणाऱ्यांना यात उत्तर आहे. गरिबीवर उपाय गरिबी पाहून करावा, त्यास कुणाची हरकत नाही. परंतु जो भेदभाव श्रीमंत दलितालाही खोली नाकारतो, त्यावर गरिबीचा दाखला हा उपाय कसा होईल?

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, कला शाखा घेतली की 'यात पुढे काय?' असे विचारणारे घरोघरी आहेत. आम्हांलाही विचारले गेले. डॉक्टर, इंजिनिअर अवश्य व्हा. परंतु अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र शिकलेला एक माणूस हजारो लोकांच्या मूक अनुभवाला आकड्यांची जीभ देऊ शकतो, हे या चरित्रातून दिसते. सभेत टाळ्या मिळवणारे वाक्य दुसऱ्या दिवशी विरून जाते. नीट गोळा केलेला आकडा विरोधकालाही वाचावा लागतो.

सभासद बंधू-भगिनींना एक नम्र सूचना. सोसायटीने एक नोंदवही ठेवावी. आपल्या गावची मुले जे अर्ज करतात त्यांची तारीख, जागा, पात्रता आणि उत्तर एवढे चार रकाने. खोली शोधण्याचे अनुभव वेगळ्या पानावर. नकाराबरोबर होकारही लिहावेत, नाही तर हिशेब खोटा होईल. एका अर्जावरून काही सिद्ध होत नाही, हे त्या मुलालाही आम्ही सांगितले. दहा वर्षांच्या नोंदी असल्या तर काहीतरी दिसेल.

दुसरी सूचना स्वतःस. काउंटरवर बसून आम्हीही माणसे पाहतो. इस्त्रीचा शर्ट पुढे आला की आमचा हात जरा लवकर चालतो, आणि धोतरातल्या म्हाताऱ्याला आम्ही 'थांबा जरा' म्हणतो. ते म्हातारे बहुतेक आपल्यासारख्याच घरचे असतात. भेद फक्त दुसरेच करतात असे मानून चालणार नाही. त्या ४८०८ अर्जांवर हात फिरवणारी माणसेही कुठल्या तरी टेबलावर बसलेले कारकूनच असतील.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. आठ दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला हे सारे सांगितले, ६७ चा आकडाही सांगितला. खोटे बोलून धीर देणे आम्हांस योग्य वाटले नाही. म्हणालो, "पूर्ण नाव लिही. आडनाव लपवून नोकरी लागली तर रोज लपवावे लागेल. पण मार्क ६७ वर थांबू देऊ नको, अन् आपली लढाईही थांबू देऊ नको." त्याने थोडा वेळ विचार केला आणि ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिले.

हा लेख छपाईस जाईपर्यंत त्याला उत्तर आलेले नाही. नोंदवही मात्र आम्ही विकत आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर पहिली ओळ त्याच्याच अर्जाची आहे. उत्तराचा रकाना मोकळा ठेवला आहे.

जयभीम!